बोंडं कुजतात, बाटल्या मिरवतात

मार्च संपत आला की रत्नागिरीजवळच्या पावसहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्याला एक आंबूस-गोड वास धरतो. काजूच्या झाडांखाली पिवळ्या-लाल बोंडांचा सडा पडलेला असतो. बी पिळून काढलेली, पोत्यात गेलेली. बोंड तिथंच. दुसऱ्या दिवशी त्यावर चिलटं, तिसऱ्या दिवशी चिखल. आपण त्यावरून चालत जातो आणि आंब्याच्या पेटीचा भाव काय निघाला ते बोलतो.

त्याच गावात, त्याच आठवड्यात, मुंबईहून किंवा आखातातून सुट्टीला आलेला कुणी विमानतळावरून आणलेली बाटली काढतो. बारा वर्षांची. बाटली हातोहात फिरते, लेबल वाचलं जातं, किंमत रुपयांत सांगितली जाते. त्या बाटलीबद्दल माझी तक्रार नाही. चांगली मुरलेली व्हिस्की हे माणसाच्या हातचं मोठं काम आहे. तक्रार एवढीच, की ती बारा वर्षं कुठं आणि कशात गेली हे कुणी विचारत नाही. आणि कुंपणापलीकडे जे कुजतंय त्यातूनही असं काही होऊ शकेल का, हे तर नाहीच नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

गाळून निघालेलं मद्य पाण्यासारखं पांढरं असतं. रंग, व्हॅनिलाचा वास, जिभेवरचा गोलवा यातलं बरंच काही लाकडातून येतं. अमेरिकेत बूर्बाँ व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवायची असा कायदा आहे. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बूर्बाँसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं स्कॉटलंडपासून गोव्यापर्यंत जगभर विकली जातात. मद्य त्या लाकडात शिरतं, बाहेर येतं, पुन्हा शिरतं. गरम दिवसात आत, गार रात्री बाहेर. लाकडाच्या छिद्रांतून थोडं उडूनही जातं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के उडतं, त्याला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूला अमृत डिस्टिलरीच्या गोदामात हाच वाटा 10-12 टक्क्यांच्या घरात जातो. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, तिथंही तो स्कॉटलंडच्या कित्येक पट. आपल्या उन्हात लाकूड घाईने काम करतं. तिकडं जे बारा वर्षांत होतं, त्यातलं पुष्कळसं इकडं पाच-सहा वर्षांत होऊन जातं. बारा वर्षं ठेवलं तर पिंपात उरणार किती, हा प्रश्न पडतो.

म्हणून लेबलावरचा आकडा मोठा म्हणजे माल भारी, हा हिशेब आपल्या हवेत लागू पडत नाही. अमृतने 2004 साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, व्हिस्कीच्या माहेरी. त्या बाटलीवर वर्षांचा आकडा नव्हता. लोकांनी चाखली आणि मग जगाने दखल घेतली. जाणकार म्हणायचं तर याला म्हणायचं: आधी जीभ, मग लेबल.

आता शोकेसकडे वळतो. कोकणातल्या कितीतरी दिवाणखान्यांत काचेच्या कपाटात एक न उघडलेली बाटली असते. ‘जुनी होऊ दे, भारी होईल.’ नाही होणार. व्हिस्की, ब्रँडी, रम काचेत गेली की मुरणं थांबतं. बारा वर्षांची बाटली वीस वर्षं कपाटात ठेवली तरी आतलं मद्य बारा वर्षांचंच. स्कॉचवरचा आकडा हा त्यात मिसळलेल्या सगळ्यात लहान मद्याचं पिंपातलं वय सांगतो, तुमच्या कपाटातलं नव्हे. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीचं तसंच. एक्सओ म्हणायचं तर आता किमान 10 वर्षं ओकमध्ये हवं, व्हीएसओपीला 4, व्हीएसला 2. हे सगळं बाटलीत भरण्याआधीचं.

रेड वाइन बाटलीत बदलते, हे खरं. पण जगातली बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षं ठेवण्याजोगी थोडी, आणि तिलाही अंधार हवा, स्थिर गारवा हवा, 12 ते 15 अंशांच्या आसपास. पावसच्या मे महिन्यात, खिडकीशेजारच्या कपाटात उभी ठेवलेली रेड वाइन मुरत नाही. ती मरते. बूच वाळतं, हवा शिरते, रंग विटकरी होतो आणि चव व्हिनेगरकडे झुकते. ज्याने ती दिली त्याचं प्रेम आणि पैसे दोन्ही त्या कपाटात जातात. घरात अशी बाटली असेल तर या आठवड्यात उघडा. फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका. आपल्याकडच्या उकाड्यात बुचापेक्षा ते झाकण जास्त भरवशाचं.

दुसरा गैरसमज ‘रूम टेंपरेचर’चा. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम दगडी भिंतींच्या गार युरोपात झाला. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. आपली खोली 32. त्या तापमानाला कितीही महागडी कॅबर्ने ओतली तरी नाकात फक्त अल्कोहोल चढतो. पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वाइनमध्ये बर्फ टाकण्यापेक्षा बाटली गार करणं कधीही बरं.

आणि मासे. पाहुण्यांसमोर सुरमईच्या तुकडीबरोबर दाट रेड वाइन ठेवली जाते, कारण ती महाग असते. एक घोट, एक घास, आणि तोंडात लोखंडाची चव. हे मनाचे खेळ नाहीत. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळून तो मासळट, धातूचा दर्प तयार करतं. 2009 साली जपानी संशोधकांनी हे तपासून दाखवलं. बांगडा, सुरमई, तिसऱ्यांच्या ताटाशी नाशिकची गार पांढरी वाइन, शनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ, ठेवा, निम्म्या पैशांत दुप्पट जमेल. शिराझ कोंबडी-वड्यांच्या दिवशी काढा, नाहीतर मटणाच्या.

नाशिकचं नाव काढलं ते मुद्दाम.

नाशिकला वाइन आपोआप आली नाही. त्याआधी नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी इंडाज कंपनी उभी केली, 1980च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन काढून परदेशात पाठवली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, पण वाट पडली होती. राजीव सामंत यांची सुला 1999 मध्ये उभी राहिली. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यात झालेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले. अकलूजकडे मोहिते-पाटील घराण्याने इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली काढली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्यांनी नवी शेती शिकून घेतली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, नाशिकला तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलात एक छाटणी, पावसाळा सरताना दुसरी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. आज सुलाची रासा शिराझ किंवा फ्रातेल्लीची सेत्ते परदेशी पाहुण्यापुढे ठेवताना कुणाला संकोच वाटत नाही. हे धोरणाने झालं, द्राक्षाच्या पुण्याईने नव्हे.

मग द्राक्षाला जे मिळालं ते बोंडाला का नाही?

काजूचं बोंड म्हणजे काय ऐवज आहे ते बघा. वजनाने ते बीच्या कित्येक पट असतं. म्हणजे काजूचा बागायतदार दरवर्षी आपल्या पिकाचा थोडा भाग घरी आणतो आणि मोठा भाग जमिनीवर टाकून येतो. त्यात संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आहे. रस भरपूर, साखर भरपूर. तुरटपणा असतो, घसा धरतो, पण काढता येतो. खरी अडचण एकच: तोडल्यावर किंवा पडल्यावर ते एका दिवसात खराब होतं. लांबच्या बाजारात जाण्याइतका वेळ ते देत नाही. म्हणूनच जगात जिथं बोंडाचं काही झालं, तिथं ते झाडाजवळच झालं.

गोव्यात झालं. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला, सोळाव्या शतकात. गोवेकरांनी त्याचं बोंड हातचं जाऊ दिलं नाही. झाडावरून तोडायचं नाही, पिकून आपोआप पडलेलंच उचलायचं, हा तिथला जुना दंडक. मग कोळंबी नावाच्या कुंडीत पायाने तुडवायचं, रस मातीच्या किंवा आता प्लॅस्टिकच्या पिंपात आंबवायचा, भट्टीवर गाळायचा. पहिल्या गाळपाला उर्राक, हलकी, साधारण 15 टक्के, हंगामातच संपवायची. पुन्हा गाळली की फेणी, 42-43 टक्क्यांच्या आसपास. तुडवलेल्या चोथ्यातून आपसूक ठिबकणारा रस म्हणजे नीरो, त्यात मद्य नाही, पोरंसोरंही पितात. फेणीला लाकूड लागत नाही. जुन्या घरांत ती वेताने मढवलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यांत वर्षानुवर्षं ठेवलेली असते, लग्नाला, बाळंतिणीला, पाहुण्याला काढायला. 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान दिला. हंगामाआधी काजूच्या मळ्यांचा सरकारी लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. सरकार, बागायतदार आणि भट्टीवाला एका कागदावर येतात. दारूचा धंदा असूनही तो उजेडात आहे.

आमच्याकडे काय? दोडामार्ग-बांद्याकडचं बोंड निदान टेंपोत बसून सीमेपलीकडे गोव्यात जातं. तिथं गाळलं जातं, तिथल्या नावाने विकलं जातं. पावसचं बोंड तेवढंही जात नाही, वाटेतच संपेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7, आमच्या बागा त्यांच्यावर उभ्या आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने बोंडाचं सिरप, सरबत करून दाखवलं. तरीही दरवर्षी जमिनीवर तोच सडा.

कायद्याने वाट काढल्याचं सांगितलं जातं. 2022 मध्ये राज्य सरकारने काजू, मोह अशा फळाफुलांपासून गाळलेल्या मद्याला देशी दारूच्या रांगेतून काढून विदेशी मद्याच्या वर्गात बसवण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला होता, मान वाढवण्याचा. पण आमच्या बागायतदाराला वर्ग नको आहे, परवाना हवा आहे. छोटा, परवडणारा, हंगामापुरता. त्याच वर्षी 27 जानेवारीला सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्याचा निर्णय झाला, राज्यभर गदारोळ उठला आणि तो मागे पडला. त्या सगळ्या वादात कोकणच्या बोंडाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आणि जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा वर्ग आणला, 180 मिलीची किमान किंमत 148 रुपये. तो धान्याच्या मद्यासाठी. महाराष्ट्राच्या नावाचं मद्य, आणि त्यात कोकणातलं एकही फळ नाही!

आता समोरून येणारे दोन प्रश्न मला ठाऊक आहेत.

पहिला: संत स्वामी स्वरूपानंदांच्या गावातून, पावसमधून, हे लिहायचं? स्वामींचा जन्म इथला, 1903चा. समाधी इथली, 1974ची. त्यांच्या मंदिरात येणाऱ्या माणसाच्या वाटेवर दारूचं दुकान असू नये, हे मला पूर्ण मान्य आहे आणि त्यासाठी मी भांडेन. पावसच्या बाजारात भट्टी काढा असं मी म्हणतच नाही. रत्नागिरीला मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत आहे, तासाभराच्या आत बोंड तिथं पोचतं. गोळपचं पोचेल, गावखडीचं पोचेल, गणेशगुळ्याचंही पोचेल. बोंड गोळा करणाऱ्या बाईला किलोमागे पैसे मिळतील. आज ती फक्त बी वेचण्याची मजुरी घेते आणि तिच्या पायाखाली दुसरी मजुरी कुजते. ज्याला मद्य वर्ज्य त्याच्यासाठी त्याच रसाचं सरबत आहे, सिरप आहे. कारखाना रसाचा असू दे, त्यातलं एक दालन मद्याचं.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे: दारूने इथली घरं मोडली, त्याचं काय? मोडली आहेत. आमच्या वाडीतही मोडली आहेत, आणि त्या घरांतल्या बायकांसमोर मी हा लेख मोठ्याने वाचायला तयार आहे. पण ती घरं कशाने मोडली ते बघा. मळीच्या अल्कोहोलमध्ये रंग आणि वास घालून केलेल्या स्वस्त क्वार्टरने मोडली. गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीने मोडली. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं मारली. जिथं काय गाळलं, कुणी गाळलं, कशात गाळलं हे कुणालाच माहीत नसतं, तिथं माणसं मरतात. परवाना, तपासणी, बाटलीवर गाव आणि नाव हा त्यावरचा उपाय आहे. अंधारात ठेवणं हा नव्हे. चांगलं मद्यही मद्यच असतं, शरीराला ते फुकट पडत नाही. म्हणूनच थोडं प्यावं, आणि जे प्यायचं ते काय आहे हे कळून प्यावं. क्वार्टर ढोसणारा आणि घोट चाखणारा हे दोघं एकाच दुकानात जात असतील, पण त्यांचं नातं एकाच वस्तूशी नसतं.

मळीच्या मद्याबद्दल आणखी एक. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त मालाचा मोठा भाग उसाच्या मळीवर उभा आहे. युरोपीय संघात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. तिथं धान्य हवं, आणि किमान 3 वर्षं लाकूड हवं. बाटलीवर सोनेरी अक्षरं, स्कॉटिश वाटणारं नाव, हरणाचं किंवा किल्ल्याचं चित्र, आणि आत मळी. त्या बाटलीला आपण इज्जत देतो आणि बोंडाच्या मद्याला गावठी म्हणून हिणवतो. ज्याच्या आत खरं फळ आहे, ते गावठी. हा मापदंड उलटा आहे आणि तो बदलायला हवा.

बोंडाचं मद्य मुरवता येईल का? ऊन आमच्याकडे आहे, समुद्राची दमट हवा आमच्याकडे आहे. कुंकळ्ळीच्या गोदामात जी हवा जवाच्या मद्यावर काम करते, तिच्या जातीचीच हवा रत्नागिरीत आहे. दोन-तीन वर्षं जुन्या पिंपात ठेवलेलं काजूचं मद्य कसं लागेल, हे सांगायला आमच्याकडे नमुना नाही, कारण करून बघण्याची परवडणारी कायदेशीर वाट आमच्या बागायतदाराला नाही. त्याला फेणी म्हणता येणार नाही, ते नाव गोव्याचं आहे आणि ते त्यांनी कमावलं आहे. आम्हाला आमचं नाव शोधावं लागेल, आमची चव ठरवावी लागेल, आमचे दंडक घालावे लागतील: पडलेलंच बोंड, त्याच दिवशीचा रस, साखर नाही, रंग नाही, वास नाही. हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळालं तेव्हा आम्ही फटाके वाजवले. काजूच्या रसालाही तो मान मिळवता येईल, पण आधी तो रस भांड्यात पडला पाहिजे.

रत्नागिरीच्या आमदार-खासदारांना माझं एकच मागणं आहे. येत्या हंगामाआधी काजू बोंडासाठी छोट्या गाळपाचा वेगळा परवाना मागा. तालुक्याला एक, सहकारी संस्थेला किंवा बचत गटांच्या संघाला, उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या तपासणीसह. 2001 साली द्राक्षासाठी जे केलं, तेवढंच.

आणि वाचकहो, सुट्टीला येताना बाटली आणणार असाल तर जरूर आणा. पण परत जाण्याआधी एकदा आपल्या आमदाराच्या कार्यालयात जाऊन बोंडाचं काय झालं, ते विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.